हळदी-कुंकू बदकाचा शेजार

गेल्या श्रावणाच्या शेवटी, गणपती चार दिवसांवर आले असताना, आमच्या सोसायटीच्या मागच्या कुंपणालगत गवत कापायचे काम चालू होते. यंत्र चालवणारा माणूस एका जागी थबकला आणि त्याने यंत्र बंद केले. त्याच्या पायापासून दोन हातांवरून एक बदक फडफडत उडाले होते. जिथून ते उडाले तिथे, कमरेइतक्या गवताच्या पोटात, पिसांच्या मऊ गादीवर आठ अंडी होती. कुंपणापलीकडे जुन्या दगडखाणीचे तळे आहे, पावसाळ्यात ते काठोकाठ भरते. बदक तिथलेच. संध्याकाळी सभासद जमले आणि बघता बघता दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे, की अंडी उचलून एखाद्या मोठ्या तलावावर नेऊन ठेवा आणि गवत साफ करा. उद्या एखाद्या पोराला साप चावला तर जबाबदार कोण? दुसऱ्या तटाचे म्हणणे असे, की घरट्याभोवती जाळी लावा, पाण्याची परात ठेवा, गहू टाका, आपण आळीपाळीने पहारा करू. रात्री अकरापर्यंत 'माणूस मोठा की पक्षी' यावर आवाज चढत राहिले.

हा वादच भलत्या जागी उभा आहे, असे माझे मत आहे. एका तटाला बदक घुसखोर वाटते, दुसऱ्याला पाहुणा. घुसखोराला हाकलायचे असते, पाहुण्याचा पाहुणचार करायचा असतो. पण दोन्हींत घरमालक आपणच, हे गृहीतच धरलेले असते. बदक शेजारी आहे. शेजाऱ्याशी कसे वागावे यासाठी आपल्या भाषेत शेजारधर्म हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि त्यात प्रेमाची अट नाही. शेजाऱ्याच्या घरात डोकावायचे नाही, त्याची वाट अडवायची नाही, त्याच्या पाण्यात घाण टाकायची नाही, आणि तो खरोखर अडला असेल तेव्हाच हात द्यायचा. रानबदकांचे आपण एवढेच देणे लागतो. हे देणे फेडायची जागाही घरटे नाही, पाण्याचा काठ आहे. घरट्यावरून भांडणारे दोन्ही तट त्या काठाबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

आधी हे पाखरू कोणते ते सांगतो, कारण सभेत निम्म्या लोकांना ते सैबेरियातून आले आहे असे वाटत होते. याला मराठीत हळदी-कुंकू बदक म्हणतात. काळ्या चोचीचे टोक पिवळेजर्द आणि चोचीच्या मुळाशी दोन बाजूंना दोन लाल ठिपके. ज्या कुणाला हे नाव सुचले, त्याने किंवा तिने हा पक्षी अगदी जवळून पाहिला असणार. थापट्या, तलवार बदक हे हिवाळ्यात उत्तरेकडून येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात. हळदी-कुंकू मात्र बारमाही इथले. पाऊस पडून गवत वाढले की मादी पाण्याजवळ जमिनीवरच घरटे करते. रोज एक याप्रमाणे सात ते नऊ अंडी घालते आणि शेवटचे अंडे होईपर्यंत उबवायला बसत नाही. म्हणून दिवसभर कुणी फिरकले नाही, तरी ती अंडी बेवारस नसतात. बसायला लागली की साधारण साडेतीन आठवडे बसते; मध्ये चरायला उठते तेव्हा स्वतःच्या पिसांनी अंडी झाकून जाते. पिल्ले जवळजवळ एकाच वेळी बाहेर येतात, अंग वाळते न वाळते तोच आईच्या मागोमाग पाण्याकडे चालू लागतात, आणि पुन्हा त्या घरट्याकडे येत नाहीत. घरट्याचा सगळा संसार पाच आठवड्यांचा. त्यानंतरचे दोन महिने, म्हणजे पिल्लांना उडता येईपर्यंतचा खरा धोक्याचा काळ, काठावर जातो. मग चर्चा कशाची व्हायला हवी होती?

कायद्याचा मुद्दा थोडक्यात. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि अंडी किंवा घरटे विसकटणे हेही येते. 'अंडी उचलून तलावावर ठेवा' हा सल्ला कितीही सद्भावनेने दिला, तरी कायद्याच्या भाषेत तो शिकारीचा सल्ला आहे. पण कलमांचा धाक दाखवून मला हा वाद जिंकायचा नाही. धाकाने एक घरटे वाचेल, आणि पुढच्या वर्षी घरटे दिसण्याआधीच, जूनमध्ये, सगळे गवत मुळापासून काढले जाईल. त्यात कुठलाही गुन्हा दिसणार नाही.

आता विरोधकांचे म्हणणे. ते हसण्यावारी नेण्यासारखे मुळीच नाही. सापाचीच गोष्ट घ्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आहेत, पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की ते बाहेर पडतात, आणि उंच गवतात पाय टाकणाऱ्याला ते दिसत नाहीत. लहान मूल असलेल्या आईने ही भीती बोलून दाखवली तर तिला 'निसर्गाची शत्रू' म्हणणे हा निव्वळ उद्धटपणा आहे, आणि आमच्या सभेत तो झाला. पण साप कशासाठी येतो? बदकाच्या अंड्यांवर नाग-धामण ताव मारतात हे खरे, मात्र वस्तीत त्यांना आणणारी मुख्य गोष्ट म्हणजे उंदीर आणि बेडूक. उंदीर येतात उघड्या कचऱ्यावर आणि सांडलेल्या धान्यावर. घरट्याजवळ गहू टाकणारा पक्षीप्रेमी सापाला जेवढे आमंत्रण देतो, तेवढे बदक देत नाही. मुलांच्या खेळण्याची जागा, पायवाट, गाड्या लावायची जागा इथले गवत वीतभरही वाढू देऊ नका, दिवे लावा, कचऱ्याचे पिंप झाका. कुंपणाबाहेरची काठाची चार मीटर पट्टी तेवढी सोडा. या दोन गोष्टींत विरोध कुठे आहे? आणि ज्याला खरोखर त्या गवतात उतरावे लागते, त्या गवत कापणाऱ्या माणसाला गुडघ्यापर्यंतचे बूट द्यावेत, हे सापाच्या नावाने दोन तास बोलणाऱ्यांपैकी एकालाही सुचले नाही.

डेंग्यूचे तसेच. ताप भोगलेल्या माणसाला 'तळ्यामुळे नाही हो' असे सांगणे सोपे नसते, मला ते माहीत आहे. आमच्याच मजल्यावर दोन घरांत गेल्या वर्षी डेंग्यू होता. तरी सांगायलाच हवे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या, तुलनेने स्वच्छ पाण्यात वाढतो: पिंपे, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर, फ्रिजच्या मागचा ट्रे. मासे, बेडूक, चतुर आणि पाणकिडे असलेले तळे हे त्याचे आवडते माहेर नाही. आपण मात्र काय करतो? गच्चीवर चढत नाही, आणि तळ्याच्या काठावर धूर फवारतो. पिल्ले पहिले काही आठवडे मुख्यतः किड्यांवर जगतात. त्या धुराने डास किती मरतात ते सोडा, पिल्लांच्या तोंडचा घास नक्की जातो.

बर्ड फ्लूचा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. पाणबदके ही इन्फ्लुएन्झाच्या विषाणूंची नैसर्गिक घरे आहेत, काही वेळा स्वतः आजारी न दिसता ती विषाणू बाळगतात, हे विज्ञानाने केव्हाच सांगितले आहे. महाराष्ट्राने याची किंमतही मोजली आहे. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला एच5एन1चा उद्रेक झाला, लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, कुक्कुटपालकांचे संसार मोडले. 2021 च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात पुन्हा तेच. हा धोका नाही असे म्हणणारा पक्षीमित्र खोटे बोलतो. पण या धोक्यावरचा उपाय काय? रानपक्ष्याला हात लावू नका, त्याला एका जागी खायला घालून गर्दी जमवू नका, पाळीव कोंबड्या-बदके त्याच्या पाण्यावर सोडू नका, मेलेला पक्षी दिसला तर उघड्या हाताने न उचलता पशुसंवर्धन खात्याला कळवा. हे सगळे उपाय अंतर ठेवण्याचे आहेत. उलट 'अंडी उचला, पिल्ले पकडा, दुसरीकडे सोडा' ही सूचना धोका वाढवणारी आहे. बर्ड फ्लूची भीती ज्याला खरोखर आहे, त्याने सर्वांआधी शेजारधर्माच्या बाजूने उभे राहायला हवे.

आणखी एक आक्षेप 2025 च्या उन्हाळा-पावसाळ्यापासून वारंवार ऐकू येतो. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, ती फाडली गेली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि तेव्हापासून पक्ष्यांचे नाव काढले की लोक विचारतात: आज बदक, उद्या त्यांचा कबुतरखाना करायचा आहे का? कबुतरांच्या विष्ठेचा आणि पिसांचा फुप्फुसांवर होणारा परिणाम मी नाकारत नाही; ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांची चीड रास्त आहे. पण कबुतरे एवढी वाढली कशाने? पोत्यांनी टाकलेल्या धान्याने, आणि कड्यांसारख्या कपारी पुरवणाऱ्या आपल्या इमारतींनी. माणसाच्या हातून खाणारा पक्षी आणि माणसापासून लपून राहणारा पक्षी यांना एकाच मापाने मोजता येत नाही. अमेरिकेतली कॅनडा हंसांची गोष्ट इथे आठवते. त्या हंसाची सर्वांत मोठी जात नामशेष झाली असे समजले जात होते. 1962 मध्ये मिनेसोटा राज्यातल्या रोचेस्टर गावी ती पुन्हा सापडली. सरकारी खात्यांनी कौतुकाने ती ठिकठिकाणी नेऊन सोडली. पुढे उपनगरे वाढली, घरांपुढे आणि गोल्फच्या मैदानांवर मैलोन्‌मैल कापलेली हिरवळ आली, तिच्याकडेला तळी आली, लोक पाव टाकू लागले. आज तिथे त्याच हंसांच्या अंड्यांवर तेल लावून ती उबू नयेत अशी व्यवस्था परवाने घेऊन करावी लागते. म्हणजे पक्षी डोईजड होऊ शकतात, हा आक्षेप खराच आहे. पण तिथे ते डोईजड झाले कापलेल्या हिरवळीमुळे आणि फुकटच्या अन्नामुळे. हळदी-कुंकू बदकाला दाट, न कापलेला काठ लागतो. तो असतो तेवढ्याच जोड्या तिथे नांदतात. आपण खाऊ घातले नाही, तर त्यांची संख्या काठच ठरवतो.

इथवर मी पहिल्या तटाशी बोललो. दुसऱ्या तटाशी बोलणे मला जास्त जड जाते, कारण ती माझी माणसे आहेत. सहा वर्षांपूर्वी मी स्वतः आमच्या जुन्या वस्तीत पावसाळी गटाराच्या चेंबरमध्ये पडलेली सहा पिल्ले बाहेर काढली, बादलीत घातली आणि तीन किलोमीटरवरच्या तलावावर नेऊन सोडली. मी त्यांना वाचवतो आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. परत आलो तेव्हा मादी त्या चेंबरभोवती ओरडत घिरट्या घालत होती. अंधार पडेपर्यंत घालत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर गेलो तर सहांतली दोन दिसली, संध्याकाळी एकही नाही. करायला काय हवे होते? पिल्ले काढून तिथेच, चेंबरपासून चार पावलांवर ठेवायची आणि आपण दूर व्हायचे. आई तिथेच होती. तिची मदत करायला गेलो आणि तिला वगळूनच मी सगळे ठरवून टाकले.

हंसा-बदकांची पिल्ले जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत जे हलताना दिसेल त्याला आई मानतात. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाच्या मागे हंसांची पिल्ले ओळीने चालत, ते याचमुळे. प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी त्यांना 1973 चे नोबेल मिळाले. बल्बच्या उबेवर खोक्यात अंडी उबवून 'आपण बाळे वाढवली' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. अशी पिल्ले जगली तरी त्यांना रान कळत नाही, माणूस कळतो. आणि माणसाला आई मानणारे पाखरू कुत्र्याला, गाडीला, गलोलीला भिणार कसे?

आमच्या सोसायटीतल्या त्या आठ अंड्यांचे काय झाले तेही सांगतो. तडजोड म्हणून दुसऱ्या तटाचे ऐकले गेले. हिरवी जाळी लागली, परात आली, गहू आले. रविवारी मुलांना दुरून म्हणून जवळ नेऊन दाखवले गेले. फोटोंसाठी गवत बाजूला सारले गेले, आणि ज्या आडोशाच्या भरवशावर तिने ती जागा निवडली होती तो आडोसाच गेला. गव्हावर कावळे आले. सहाव्या दिवशी अंडी गार होती, दोन फुटलेली होती. मादी खाणीच्या पाण्यावर एकटी दिसत होती. कुणीही वाईट हेतूने काही केले नव्हते. त्यामुळेच ही गोष्ट लिहायला हवी असे मला वाटले. दुष्टाव्याविरुद्ध कायदा आहे, अतिमायेविरुद्ध तो सहसा कुणी वापरत नाही.

'मग पक्ष्यांनी अभयारण्यात जावे, वस्तीत का?' हा प्रश्न सुशिक्षित माणसेही विचारतात. महाराष्ट्रात तो विचारणे विशेष चुकीचे आहे. आपल्याकडे नैसर्गिक तळी बोटांवर मोजण्याइतकी. पाणी अडवले ते माणसाने. नांदूर मधमेश्वर हे राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, 2020 साली ते जाहीर झाले. ते काय आहे? निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात शेतीसाठी बांधलेला बंधारा, आणि त्यात साठलेल्या गाळावर उगवलेला पाणथळ पसारा. भिगवणचे रोहित आणि पट्टकादंब पाहायला गाड्या भरभरून लोक जातात, तो उजनी धरणाचा फुगवटा आहे. त्याखाली गावे बुडाली आहेत. माणसाने पाणी साठवायचे आणि पक्ष्यांनी त्याच्या काठाला राहायचे, हा इथला जुना रिवाज आहे. आमची खाणही तशीच. दगड काढला आम्हीच, खड्डा सोडला आम्हीच, पाऊस भरला आणि बदक आले. रान एकीकडे आणि वस्ती दुसरीकडे अशी रेघ इथे कधी नव्हतीच.

जुन्या गावांनी हा शेजार कसा निभावला? तमिळनाडूत वेदान्तांगळच्या तळ्यावर बगळे, करकोचे, पाणकावळे शतकानुशतके वीण घालतात. गोरे शिपाई तिथे पक्षी मारू लागले तेव्हा गावकऱ्यांनी तक्रार केली, आणि 1798 मध्ये चेंगलपट्टूचा कलेक्टर लायोनेल प्लेस याने त्या तळ्याला संरक्षणाचा हुकूम दिला. कर्नाटकातल्या कोक्करेबेल्लूरमध्ये चित्रबलाक आणि पाणकोळी भर गावात, लोकांच्या परसातल्या चिंचांवर घरटी करतात. गावाचे नावच करकोच्यांवरून पडले आहे. आपल्याकडे गोंदियात सारस क्रौंच धानाच्या बांधीत घरटे करतो आणि तेवढा तुकडा सोडून कापणी करणारे शेतकरी आहेत. यावर कुणी म्हणेल, त्या गावांचा फायदा होता. वेदान्तांगळच्या पाण्यात पक्ष्यांची विष्ठा मिसळे आणि तेच पाणी भाताला खत म्हणून जाई, कोक्करेबेल्लूरच्या झाडमालकांना चिंचेच्या नुकसानीपोटी वनखात्याकडून पैसे मिळतात. सोसायटीतल्या माणसाला काय मिळते? आक्षेप बरोबर आहे. आपल्याला खत नको, पैसे कुणी देणार नाही. पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहा. त्या शेतकऱ्याने पिकाचा तुकडा सोडला, झाडमालकाने चिंचेवर पाणी सोडले. आपल्याकडे काय मागितले जाते आहे? ज्या पट्टीवर आपण पाऊलही टाकत नाही, तिथले गवत जून ते दिवाळी कापू नका, एवढेच. ज्याला सोडताना काही तुटत नाही, त्यानेही मोबदला मागायचा?

आता काठ. तलावाचे सुशोभीकरण म्हटले की काय होते, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. कडेने दगडी किंवा काँक्रीटची उभी भिंत, तिच्यावर फरशीचा पदपथ, स्टीलचे कठडे, रंगीत दिवे, मध्ये कारंजे. पाणी आणि जमीन यांच्यामधला उतार संपतो. लव्हाळे, पाणकणीस, गवत, चिखल, सगळे एका निविदेत जाते. बदक पोहत भिंतीपाशी येते आणि त्याला वर चढायला जागा नसते. पिल्ले तर अशा उभ्या काठाच्या पाण्यात थकून बुडतात. पुण्यात मुळा-मुठेचा 44 किलोमीटरचा काठ अशाच सुशोभीकरणाच्या वाटेवर आहे, आणि त्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या लोकांना विकासाचे वैरी म्हटले गेले. आमच्या सभेत अंड्यांसाठी डोळ्यांत पाणी आणणारे आणि अंडी हलवा म्हणणारे, दोघेही खाणीभोवती भिंत आणि कारंजे व्हावे या मागणीपत्रावर सह्या करून बसले होते. ते पत्र मी पाहिले तेव्हा मला वादातला खोटेपणा कळला. आठ अंड्यांवर आपण दोन तास भांडलो, आणि पुढच्या पन्नास वर्षांच्या अंड्यांचा निकाल एकमताने लावून मोकळे झालो.

टोकियोची एक गोष्ट या संदर्भात लोक कौतुकाने सांगतात. 1980 च्या दशकात तिथल्या ओतेमाची या कचेऱ्यांच्या भागात एका कंपनीच्या इमारतीपुढच्या छोट्या तळ्यात आपल्या हळदी-कुंकवाच्याच सख्ख्या नात्यातल्या बदकाने पिल्ले काढली. ती ओळीने रस्ता ओलांडून राजवाड्याच्या खंदकाकडे निघत तेव्हा पोलीस वाहतूक थांबवत आणि बघायला ही गर्दी. थांबलेल्या गाड्यांचे चित्र आपल्याला भावते. पण पिल्ले रस्ता ओलांडून जात होती कुठे? पलीकडे खंदक होता, पाणी होते. तो नसता तर थांबलेली वाहतूक काय कामाची होती?

काठ परत आणता येतो, याचा दाखला भंडारा-गोंदियातच आहे. तिथले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, बेशरम नावाच्या झुडपांनी आणि दुर्लक्षाने मेल्यासारखे झाले होते. मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातल्या स्त्रियांनी गटाने उतरून बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कुठली वनस्पती किती पाण्यात जगते आणि कुठला मासा तिच्या आडोशाला अंडी घालतो, हे त्यांना पिढीजात ठाऊक होते. मासे वाढले, मागोमाग पाखरे आली. त्या बायकांनी पक्ष्यांसाठी घरटी बांधली नाहीत की दाणे टाकले नाहीत.

'माणसांना राहायला जागा नाही आणि तुम्ही बदकांना जागा मागता' हा शेवटचा आक्षेप मी टाळणार नाही, कारण ज्या शहरात माणसे नाल्याच्या काठावर पत्र्याखाली राहतात तिथे तो विचारलाच पाहिजे. पण तो विचारतो कोण, तेही पाहू. घर नसलेल्या माणसाने विचारला तर मी मान खाली घालेन. पार्किंगच्या तिसऱ्या जागेसाठी काठ मागणाऱ्याने मात्र त्याच्या नावाचा आधार घेऊ नये. ज्या तळ्याचा काठ बुजवला जातो, त्याचे पुराचे पाणी सर्वांत आधी त्या पत्र्याखालच्याच घरात शिरते. बदकाची जागा आणि गरिबाची जागा एकाच हाताने जाते आहे.

येत्या सभेत मी ठराव मांडणार आहे. मागच्या कुंपणापासून पाण्यापर्यंतची चार मीटर रुंदीची पट्टी जून ते दिवाळी तशीच राहील. पावसाळी चेंबरच्या झाकणांना बारीक जाळी बसेल आणि उघड्या टाकीत खरखरीत फळी तिरकी टाकली जाईल, म्हणजे पडलेले पिल्लू आपले आपण वर येईल. काठावर धूर होणार नाही. धान्य, पाव, उरलेला भात, काहीही टाकले जाणार नाही. कुत्री साखळीला राहतील. घरटे सापडले तर त्याची जागा कुणालाही सांगितली जाणार नाही, माझ्या नातीलाही नाही. तिने पिल्ले पाण्यावर आली की गच्चीवरून दुर्बिणीने पाहावीत. आणि खाणीच्या भिंतीचे मागणीपत्र मागे घेतले जाईल. या शेवटच्या कलमावर भांडण होणार, हे मला दिसते आहे. ज्यांच्या सह्या आहेत, त्यांच्या घरी मी एकेक करून जाणार आहे.

ठरावाचा मसुदा करताना मी ज्याने यंत्र थांबवले होते त्याला बोलावून विचारले, की गवत कापताना पाखराला त्रास होऊ नये म्हणून काय करता येईल. तो मावळातला, घरी भातशेती आहे. त्याने जराही विचार न करता सांगितले: "साहेब, आपण पाण्याकडून सुरू करतो आणि रस्त्याकडे येतो. आतलं जनावर पुढं पळत पळत रस्त्यावर येतं. उलटं करायचं. रस्त्याकडनं धरायचं आणि पाण्याकडं जायचं, मग ते पाण्यात उतरतं. शेवटची पट्टी विळ्यानं, हातानं. यंत्रानं दिसत नाही." मी ते त्याच्याच शब्दांत मसुद्यात लिहून घेतले आहे. त्याच्या बुटांचे पैसे मंजूर करण्याचे कलम त्याच्याखाली आहे.